नाहूरमध्ये हत्ती नाहीत

बाकीच्या गावांच्या मुंबई मंडळांत गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग आणि क्रिकेट टीमची भांडणं. आमच्या मंडळात हत्ती! आमचं गाव तळकोकणात, सह्याद्रीच्या अगदी पायाशी. आम्ही मुंबईकर गाववाले महिन्यातून एक रविवार घाटकोपरला शाळेच्या वर्गात जमतो. मी चिटणीस. वहीत ठराव चार ओळींचा होतो. जे वहीत लिहिता येत नाही, ते डोक्यात साठत जातं. आज काढतोच, नाहीतर माझं बीपी वाढेल.

*

माझ्या ऑफिसातले एक साहेब मुलुंडला राहतात, डोंगराला चिकटलेल्या टॉवरमध्ये. डबा खाताना मी सांगत होतो, हत्तींनी गावाकडे माझ्या दादाची सगळी केळ आडवी केली. साहेब म्हणाले, "अरे, जंगल त्यांचं आहे यार. तुम्ही लोक तिथे शेती करताच कशाला?"

त्याच आठवड्यात त्यांच्या पार्किंगमध्ये बिबट्या दिसला. साहेबांनी पोलीस, फायर ब्रिगेड, नगरसेवक, कुणाला सोडलं नाही. वर मलाही फोन! "गवस, गावाला असं काही आलं की तुम्ही करता काय रे?"

म्हटलं, "शेती करतो, साहेब!"

*

नुकसानीचा अर्ज आता ऑनलाइन. गावात नेटची रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या एका काजूखाली. म्हणून दादाने फोटो मला पाठवले आणि मी मुंबईत, नाहूरला घरी बसून अर्ज भरला. मोडलेले माड, पायाचे ठसे, लीदसुद्धा जोडली. महिन्याने उत्तर आलं : नामंजूर!

वनखात्याला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "लोकेशन नाहूरचं दाखवतंय. नाहूरमध्ये हत्ती नाहीत."

"अहो, हत्ती गावाला आहेत! नाहूरला मी आहे!"

"मग हत्ती आहेत तिथूनच भरा ना."

दादा मोबाइल घेऊन टेकडीवर गेला. काजूखाली हत्ती उभा!

*

आमच्या अध्यक्षांनी एकदा कुणालाही न विचारता गावाला खोकाभर फटाके पाठवले. म्हणे, आवाजाने हत्ती पळतात. पळाले की! शेतातून उधळले ते थेट दादाच्या गोठ्यातून आरपार. भिंत गेली, गाभण म्हैस गेली.

दादाचा फोन आला. आवाज अगदी थंड. "अध्यक्षांका सांग, पुढच्या टायमाक फटाके नको. तुमीच येवा."

*

एका मीटिंगमध्ये विषय फारच तापला. आमचा एक मेंबर अंधेरीच्या जिममध्ये ट्रेनर आहे. तो ओरडला, "गोळ्या घाला रे सगळ्यांना! एकदाच विषय संपवा!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सांगायला लाज वाटते.

मागच्या बाकावर गावाहून औषधपाण्यासाठी आलेले बाबलकाका बसले होते. त्यांची बाग दोनदा उद्ध्वस्त झालेली. ते उठले. "केळी माझी खाल्ल्यान, तुझी नाय. राग माझो आसा, तो माकाच करूंदे. तू गावाक इलंस कधी?"

ट्रेनर खाली बसला.

*

आणि ही गोष्ट वसंतीवहिनीची. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ, एका सकाळी काजू गोळा करायला गेला आणि हत्तीच्या समोर सापडला. परत आला नाही. तेरावं झालं आणि वहिनीने एक काम अंगावर घेतलं. रोज हत्ती कुठे आहे ते हेरायचं आणि घरोघर फोन करायचा : आज या वाटेने जाऊ नका, पोरांना वरच्या अंगाने शाळेत पाठवा. त्यानंतर गावात हत्तीमुळे एकही माणूस गेलेला नाही.

हत्तींची जुनी वाट सड्यावरून, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या पठारावरून. तो सडा अंधेरीच्या एका शेठने घेतला, रबर लावला आणि झटका देणाऱ्या तारांचं कुंपण घातलं. त्याचं बघून शेजारच्या बागवाल्यानेही घातलं. वाट बंद झाली, हत्ती आमच्या वाडीत उतरले. आणि गावच्या शाळेला बाकडी दिली म्हणून आमच्या मंडळाने त्याच शेठला शाल दिली! ठराव मीच लिहिला.

वहिनीने माझ्याकडून शेठचा नंबर घेतला. रोज फोन. "शेठ, हत्ती तुमच्या कुंपणाक लागून गेलो. तेका वाट गावली नाय. आमच्याकडे वळलो."

"मला काय सांगता? मी अंधेरीत आहे!"

"म्हणान तर सांगतंय."

शेठने नंबर ब्लॉक केला. वहिनीने जावेच्या मोबाइलवरून लावला. तोही ब्लॉक. मग मी मीटिंगमध्ये उभा राहिलो. ठरलं. घाटकोपर, मुलुंड, नाहूर, रोज एकाने शेठला फोन लावायचा आणि वहिनीचा निरोप शब्द न बदलता सांगायचा. अख्खा पावसाळा आम्ही हेच केलं.

एका दुपारी शेठचाच फोन. "गवस, बास! माणसं पाठवलीत. सड्याकडचं कुंपण काढतायत. आता तरी थांबा!"

मी लगेच वहिनीला फोन लावला. शेठ काय म्हणाला ते सांगितलं. ती म्हणाली,

"बरां झालां, भावजी. आता शेठच्या बाजूच्या बागवाल्याचो नंबर देवा."