पुलावर समोरून येणारी बाई

भूतबित म्हटलं की हसणारी बाई मी. फिजिओथेरपिस्ट आहे, शरीर माणसाला कसं फसवतं ते रोज बघते. तरी हे लिहितेय... कारण कोणाला सांगावं तेच कळत नाहीये.

घाटकोपर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर आमचं क्लिनिक. तोल जाणाऱ्या पेशंटना आम्ही VR हेडसेट लावून चालवतो. त्यांना नदीवरचा रिकामा लाकडी पूल दिसतो. प्रत्यक्षात ती खोलीतली बारा पावलं. मी मागून कमरेचा पट्टा धरते. त्यांना दिसतं तेच भिंतीवरच्या स्क्रीनवर मलाही दिसतं.

कांबळे मॅडम, निवृत्त शिक्षिका, सातव्या पावलाला एकदम डावीकडे सरकल्या.

"काय झालं मॅडम?"

"अगं, ती बाई येत होती ना समोरून!"

स्क्रीनवर कोणी नव्हतं. म्हटलं, होतो असा भास.

दोन दिवसांनी बाइकवरून पडलेला एक इंजिनिअर बरोब्बर तिथेच सरकला. वर "सॉरी मावशी" म्हणाला! दोघांची ओळखही नव्हती. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तर म्हणे, "मॅडम, त्या पुलावर आम्ही माणूस टाकलेलाच नाही."

मग भांडुपचे राणेकाका. मालवणी, हट्टी. सातव्या पावलाला थांबले.

"काका, सरका ना बाजूला..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी कित्याक सरकू? तिकाच सरकांदे!" म्हणत त्यांनी पाऊल टाकलं — आणि छातीवर कोणी ढकलावं तसे उलटे माझ्या अंगावर आले. पट्टा हातातून सुटला. मनगट मोडलं त्यांचं.

"हात थंडगार गो तिचे," एवढंच बोलले. परत आले नाहीत.

माझ्या हातून पेशंट पडला, हे मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिक रिकामं असताना हेडसेट मीच चढवला. सात... आठ... बारा. कोणी आलं नाही. हुश्श केलं.

त्यानंतर ती कुठल्याच पेशंटला दिसली नाही.

पण हल्ली स्टेशनच्या स्कायवॉकवर समोरून येणारी माणसं मला वाट देतात ना, ती माझ्या एकटीपुरती नसते. परवा खोके घेतलेला एक माणूस कठड्याला चिकटून उभा राहिला. मी पुढे जाऊन वळून पाहिलं, तर अजून तसाच उभा — आणखी कोणीतरी जायचं बाकी असल्यासारखा. तिथे कोणीही नव्हतं.

मी आता कडेकडेने चालते, एवढंच.