सावंत मॅडमचं प्रोटीन

सावंत मॅडम हजेरी घेण्याआधी विचारायच्या, "आज रायबोझोम कोण होणार?" घाटकोपरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवत. मूळच्या मालवणच्या, भावना अनावर झाल्या की मालवणीत घसरत. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि ती होणार की नाही हे ठरवायला प्राचार्य त्यांच्या तासाला बसणार होते.

नेमकं त्याच दिवशी मॅडमनी अख्खी पेशी उभी केली. प्रयोगशाळा म्हणजे केंद्रक. आत डीएनए, म्हणजे मूळ प्रत. "ती बाहेर न्यायची नाय, नक्कल न्यायची," मॅडम म्हणाल्या. ती नक्कल, म्हणजे आरएनए, एका लांब कागदी पट्टीवर उतरवून स्नेहा वर्गात धावत आली. मी जाडा, म्हणून प्रोटीन जोडणाऱ्या रायबोझोमचा मोठा भाग. बारका तुषार छोटा भाग. पट्टी मध्ये धरून आम्ही तीन-तीन अक्षरं वाचायची. प्रत्येक तिकडीला वाहक आरएनए झालेल्या मुली एकेका अमिनो आम्लाला, म्हणजे ल्युसिन, ग्लायसिन अशी नावं दिलेल्या एकेका पोराला, ओढून आणायच्या. त्याने आधीच्याचा हात धरायचा. झाली प्रोटीनची साखळी. 'थांबा'ची तिकडी आली की सुटायचं.

ती आलीच नाही. वर्गातली पोरं संपली. मुलींनी गॅलरीतून कॉमर्सवाले ओढले, शिपाई मोरेकाका ओढले, आणि दारात आलेले प्राचार्यही ओढले.

"मी कोण आहे, माहीत आहे ना?" ते गरजले.

तुषारने पट्टी पाहिली. "ल्युसिन, सर."

"मॅडम, हे थांबवा!"

मॅडमनी पट्टी तपासली. "गो स्नेहा! 'थांबा'च्या 'यूएए'चा 'यूएसी' केलंस! एक अक्षर चुकलं, नि सरांचं प्रोटीन झालं!"

"एका अक्षराने एवढं होतं?" प्राचार्यांनी विचारलं. मोरेकाकांचा हात अजून त्यांच्या हातात होता.

"होतं सर. माणसं आजारी पडतात त्याने."

प्राचार्य आम्हाला म्हणाले, "वाचा रे पुढे." साखळी जिन्यापर्यंत गेली. जूनमध्ये मॅडम कायम झाल्या.

गेल्या वर्षी मुलुंडला त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी भेटायला गेलो. "आराम करा," म्हणालो.

"आरामच करतंय रे," टाक्यांकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "राबतत ते आतले रायबोझोम. कोण बघूक नाय, शाबासकी नाय, तरी जखम भरतेय."

मग हॉस्पिटलच्या ताटातली उसळीची वाटी माझ्याकडे सरकवली. "खा मेल्या. तुझ्या आतल्यांका माल कोण पुरवतलो?"

ती आमची शेवटची भेट. उसळ अळणी होती. मी वाटी पुसून खाल्ली.