लाल स्टिकर

कारेगावच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक मामा राहतात. कंपनीत ते मालाची क्वालिटी तपासतात. नव्या गेमची पहिली झलक मोबाइलवर आली, की ताट बाजूला सारून ती थांबवून थांबवून बघतात. पार्ट उजेडात धरावा तसा मोबाइल वर धरतात.

"हे बघा, ट्रक चिखलातनं गेला आन् टायर कोरडाच हाय!"

मी थक्क होतो. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांचं ऐकून ऐकून मीसुद्धा त्या ट्रकच्या गेमची वाट बघू लागलो. अख्खी चाळच बघू लागली.

परवा बातमी आली, की काम अजून कच्चं असल्यानं गेम पुढे ढकललाय. सगळे चिडले. मामा मात्र उठून उभे राहिले. सदोष माल अडवताना लावतात तो लाल स्टिकर त्यांनी खिशातून काढला आणि हलक्या हातानं मोबाइलच्या पाठीवर चिकटवला.

"आख्खं जग वाट बघतंय, तरी माल अडवला त्यांनी!" स्टिकरवर अंगठा दाबत ते म्हणाले. "मी वीस वर्षं स्टिकर खिशात घेऊन फिरतोय. सायेब म्हंत्यात, माल न्यायला गाडी उभी हाय, जाऊ द्या. एकदाबी लावू दिला न्हाई."