बस्करांचा ढीग

हिंडते गुरुजी घटकाभर एका जागी थांबले, तर ते आजारी असावेत असे आमच्या माले गावात समजत. शिकवताना ते खांबांमधून येरझारा घालीत, फळ्यावर एक ओळ लिहून दाराशी जात आणि तिथूनच उत्तर विचारीत. शाळा तेव्हा राममंदिराच्या सभामंडपात भरे. मी तेथील पुजारी. त्यांच्या पावलांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येई आणि पूजेत गुंतलेले माझे चित्तही हलून जाई.

माझे अध्ययन पाठशाळेत झाले. तेथे गुडघा हलला तरी गुरूंची दृष्टी वळे. येथे मात्र कोणी पालथे पडून पाटीवर लिही, कोणी खांबाला टेकून वाची, कोणी उभ्याने पाढे म्हणे. न राहवून एकदा मी विचारले, "गुरुजी, आसनावाचून अध्ययन कसे होईल?"

ते चालता चालता म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या मूर्तीची एकदा प्रतिष्ठापना केली की झाले. माझ्या मूर्ती रोज उठून पळतात."

मुले घरून आपापले बस्कर, म्हणजे बसायला गोणपाटाचा तुकडा, आणीत. पूर्वी प्रत्येक बस्कराची जागा ठरलेली असे. पाटलांचा नातू फळ्यासमोर, बाकीचे मागे ओळीने, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले मंडपाबाहेर पायरीवर. गुरुजींनी सगळी बस्करे दाराशी एका ढिगात टाकायला लावली. हाताला येईल ते उचलावे, मनाला येईल तेथे बसावे. पायरीवरची मुले काही दिवस घुटमळली, मग आत आली. मी गाभाऱ्यातून उठून बाहेर आलो. पण रामासमोर बसलेल्या लेकराला 'ऊठ' म्हणण्याचा मंत्र मला कोणी शिकवला नव्हता.

एके दिवशी पाटलांचा नातू ढिगातले भलतेच बस्कर घरी घेऊन गेला. पाटील ते काठीच्या टोकावर धरून मंदिरात आले.

"गुरुजी, आमच्या नातवाच्या बुडाखाली कुनाचं गोणपाट हाय ह्ये?"

"शाळेचे."

"मला शिकवू नका. पोरं पयल्यासारखी वळीनं बसवा, न्हाईतर शाळा देवळातनं हलवा."

"हलवतो. नाहीतरी मला एका जागी करमत नाही."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. "मंदिराचे दार मी उघडेच ठेवीन," एवढेच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी फळा पाठीवर घेऊन निघाले. शाळा कधी नदीकाठच्या आंब्याखाली, कधी कुणाच्या खळ्यावर. पाटलांच्या धाकाने शेतमालक त्यांना उठवीत. मृग जवळ आला तसे गुरुजींचे जेवणावरचे लक्ष उडाले. आमच्या मुलखातल्या पावसात उघड्यावर शाळा भरणे अशक्य. छप्पर न मिळाल्यास काही मुलांना पुन्हा पायरीवर धाडून मंदिरात परतायचे, किंवा शाळाच बंद ठेवायची. "तुम्हीच रामाला विचारा," असे मला म्हणून ते उत्तराला न थांबता निघून गेले.

पाटलांनी नातवाला घरी ठेवले होते. पण तो रोज निसटे आणि शाळा जेथे असेल तेथे जाऊन बसे. त्याला ओढून नेण्याचा कंटाळा आला, तेव्हा पाटील स्वतःच खळ्यावर आले.

"देवळात न्हाई म्हंजी न्हाई. पर माझी वैरणीची पडवी मोकळी हाय. तितं कोन कुटं बसतंय, त्ये बघाया मी येनार न्हाई."

"मग येऊच नका," गुरुजी म्हणाले.

"तुमी लई आगाव मानूस," असे म्हणत पाटलांनी फळ्याचे एक टोक उचलले.

त्या पडवीत दोन पावसाळे निघाले. मीही दुपारी मुलांना श्लोक शिकवायला जाऊ लागलो. वैरणीच्या भाऱ्यांवर बसूनही त्यांचे उच्चार शुद्ध येत, हे पाहून मी आसनाचा आग्रह सोडला. मग गुरुजींची बदली ताम्हिणीकडे झाली. गाडीची वाट पाहतानाही ते फेऱ्या घालीत होते. "नवे गुरुजी शिस्तीचे आहेत म्हणतात. पोरांना ओळीत बसवतील, बसवू दे. पायरी तेवढी परत येऊ देऊ नका." गाडी आली. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

नवे गुरुजी आले त्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत होता. मी मुद्दाम गेलो होतो. त्यांनी मुलांना उभे केले, सारवलेल्या जमिनीवर खडूने रेघा ओढल्या आणि विचारले, "यांतली बाहेर बसणारी मुले कोणती?"

मी बोलायला पुढे झालो. पण पाटलांचा नातू आधीच बोलला.

"बाहेर कशाला बसवताय, गुरुजी? भिजत्याल की."