पायाखालची नावं

मुंबई दाखवायला नेतोय ही लेकाची, प्रभूची युक्ती आहे, हे पंचफुलाबाईला गाडीत बसतानाच कळलं होतं. ती काही बोलली नाही. न बोलून माणसाला दमवण्यात तिचा हात धरणारं तिच्या गावात, कनेरगाव नाक्यावर कुणी नव्हतं.

कारण होतं एक दगड. तिचा नवरा नामाजी शेतात पुरलेला. या धनगर घरात माणूस जाळत नाहीत, आपल्याच रानात माती देतात. आता प्रभूनं त्याच रानात घर काढलं होतं आणि बापाचा दगड बरोबर दारापुढच्या अंगणात येत होता. मेलेल्याला हलवायचं नाही, यावर मायलेकांचं एकमत होतं. प्रभूचं म्हणणं एवढंच, की दगड आडवा करून फरशीत बसवू, नाव वर दिसेल, ये-जा मोकळी राहील. माय हो म्हणेना. गवंडी कंटाळून दुसरीकडं कामाला गेला. बिनछपराच्या भिंतींत शेळ्या बसू लागल्या, आणि शेळ्यांना जागा बरी झाली, असं पंचफुलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली.

तोडगा प्रभूच्या मुलीनं, राधिकानं, काढला. ती मुंबईत नर्स आहे. फोर्टात इंग्रजांनी बांधलेलं एक जुनं कॅथेड्रल आहे, तिथं मराठीतून माहिती सांगत फिरवतात, तिथली मोठी मोठी माणसं फरशीखालीच पुरलीत आणि वरून लोक चालतात. आजीला एकदा दाखवा, ती म्हणाली.

फिरवणारी ऐश्वर्या नावाची तरुण मुलगी होती. उंच कमानी, रंगीत काचा, भिंतीवरचे संगमरवरी साहेब, असं तिचं सुरू झालं. पंचफुलाबाईनं दारातच चपला काढल्या होत्या. इथं काढायच्या नसतात, असं तिला तिघांनी सांगितलं. तिनं त्या काखेत धरल्या. मग ऐश्वर्यानं खाली बोट दाखवलं आणि या फरशीत थडग्यांचे दगड आहेत म्हणून सांगितलं.

तिथून पुढं सगळा खोळंबा झाला. पंचफुलाबाई भिंतीला घासून, बाकांच्या मधून, बांधावरून चालावं तशी चालू लागली. वाटेत नाव कोरलेला दगड आला की वाकून हात लावायची, कपाळाला न्यायची आणि लांबून वळसा घालायची. मंडळी थांबायची. एका सेनापतीची लढाई ऐश्वर्याला तीनदा पहिल्यापासून सांगावी लागली. एक गृहस्थ प्रभूकडं बघून मोठ्यानं सुस्कारे टाकत होते.

प्रभूचं डोकं तापलं. "माय, सारे चालून राहिले. तूच काहून असं करून राहिली?"

"तू चाल ना. तुला कोनं धरलं?"

तो मुद्दाम एका दगडाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "हे पाह्य. झालं का काही?"

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं ऐश्वर्याला विचारलं, की या लोकांना घरच्यांनीच असं खाली घातलं, की ते स्वतः सांगून गेले होते. ऐश्वर्या म्हणाली, की पुष्कळांची तशी इच्छाच असायची. देवाच्या घरात, येणाऱ्यांच्या पायाखाली का होईना, जागा मिळावी म्हणून ते आधी सांगून ठेवत.

"ऐकलं?" प्रभू म्हणाला.

"ऐकलं. ते सांगून गेले. तुह्या बापानं काय सांगितलं व्हतं? घोंगडीवर कोनाचा पाय पडला तर त्यो दिवसभर त्या मानसाशी बोलत नव्हता." तिनं काखेतल्या चपला सावरल्या. "अन् आपण त्याला घोंगडीतच गुंडाळून ठेवलं न्हाई का?"

प्रभू दगडावरून उतरला. सुस्कारेवाले गृहस्थ छताकडं बघू लागले.

बाहेर येऊन त्यानं गवंड्याला फोन लावला आणि दार मागच्या अंगाला काढायला सांगितलं. गवंडी बराच वेळ बोलत होता. उभी भिंत फोडावी लागेल, शिवाय मागं ढाब्याचं सांडपाणी वाहतं, दारात बसून त्याचा वास घ्यायचा का, असं त्याचं म्हणणं. प्रभू म्हणाला, घेऊ.

फोन ठेवतो तोवर माय पुन्हा कॅथेड्रलच्या दाराकडं निघालेली. आत शिरताना पहिल्याच दगडावर तिचा पाय पडला होता, तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. तिनं चपला लेकाच्या हातात दिल्या आणि ऐश्वर्याभोवती जमलेल्या नव्या मंडळींतून वाट काढत ती आत, त्या पहिल्या दगडाकडं गेली.