लिफ्टवर राज्य कुणाचं

पंचबाईला हे नाव शाळेत पडलं. मधल्या सुट्टीत लपाछपी रंगात आली की ही हात वर करून म्हणायची, "थांबा! शंभर मोजायचे ठरले होते, याने सत्तरवरून थेट नव्वदवर उडी मारली." खेळ बंद, वाद सुरू. तिला भिडू म्हणून घ्यायला कुणी राजी नसे, पण भांडण पेटलं की सगळे धावायचे तिच्याकडेच. पुढे लग्न झालं, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी लागली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवराही तिला पंचबाईच म्हणतो, आणि घरातली एकूण न्यायव्यवस्था पाहता त्यात गैर काही नाही.

खेळ बनवण्याचं खूळ डोक्यात शिरलं ते दुकानातच. डोळे तपासताना एका वेळी एकच भिंग बदलायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की मघाशी?" दोन एकदम बदलली की फरक कशाने पडला ते कळत नाही. तिला वाटलं, खेळांचंही असंच करून पाहावं. पुढच्या सुट्टीला तिने घरी सापशिडी मांडली आणि जाहीर केलं, "आज साप चावणार नाहीत."

"मग खेळायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच बघायचंय, आई."

बघितलं. सगळे गुमान वर चढले, आणि जो जिंकला त्यालाही काही वाटलं नाही. दुसऱ्या डावाला साप ठेवले, शिड्या काढल्या. नवरा खालच्या तीन ओळींतच घोटाळत राहिला. "आता मला खराच साप आणून दे," तो म्हणाला, "सुटेन तरी."

मग तिने सपाटाच लावला. वजिराशिवाय बुद्धिबळ, हुकमाशिवाय पत्ते, राणीशिवाय कॅरम. मोबाईलवरचे खेळ, जुन्या बाजारातले अर्ध्या सोंगट्या हरवलेले डबे, शेजाऱ्यांकडून उसने आणलेले पट. आधी खेळ आहे तसा खेळायचा, मग एक नियम काढून. कोण जिंकलं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. कोण मागे रेलतो, कोण पंख्याकडे बघतो, कुणाला नेमकी आत्ताच तहान लागते, हे ती टिपायची. नवऱ्याला तहान लागली की त्या जागी खेळ मेला असं समजायचं. आणि सासूबाई? त्या उघडउघड लबाडी करायच्या. त्यांनी जिथून पळवाट काढली तिथे पंचबाई नवा नियम ठोकायची, आणि त्या दुसरी काढायच्या. सासू-सुनेचं एवढं कधीच जमलं नव्हतं.

"या वयात लोक गुडघ्यांकडे लक्ष देतात," नवरा म्हणायचा, "आणि आमची बाई फाशांकडे."

"तुम्ही टाका. गप्पा नंतर."

अशी काही वर्षं घातल्यावर तिचा स्वतःचा खेळ तयार झाला. पटावर एक उंच इमारत, चार भाडेकरू, प्रत्येकाला आपलं सामान वरच्या मजल्यांवर चढवायचंय, आणि लिफ्ट एकच. लिफ्ट कुणी तरी चालवायला हवी. ज्याच्यावर राज्य आलं त्याने चालवायची. म्हणजे लपाछपीतलं राज्य. बाकीचे मजेत, आणि हा बिचारा सांगतील त्या मजल्यावर त्यांची कपाटं पोचवतोय, स्वतःचं सामान खाली पडून. खेळ चांगला होता, फक्त मध्यावर जरा पेंगायचा. नवऱ्याला तिथे हमखास तहान लागायची. कुठलं भिंग बदलावं ते काही सापडेना.

तरी तिने तो खेळण्यांच्या कारखान्यात नेला. मालकीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी डबा उघडून पुठ्ठ्याची इमारत न्याहाळली, बोटाने लिफ्ट वरखाली करून पाहिली आणि अट सांगितली: पॅकिंगमधली चार माणसं हा खेळ फक्त पत्रक वाचून खेळतील. खेळ उभा राहिला तर बाजारात आणू. "तुम्ही त्या खुर्चीवर बसायचं. एक शब्द बोललात तर डबा बंद."

पंचबाईला गप्प बसायची अट! पण ती बसली, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून.

पॅकिंगवाल्यांतल्या दांडगट बाईने पत्रक मोठ्याने वाचलं. "लिफ्टवर ज्याचं राज्य, त्याने लिफ्ट चालवावी. तळमजल्यावर जो आधी पोचेल, राज्य त्याच्याकडे जाईल." तिने मान वर केली. "म्हणजे लिफ्टचा राजा!"

पंचबाईला आपली चूक उमगली. राज्य म्हणजे शिक्षा, राज्यवाल्याला सांगतील तिथे जावंच लागतं, हे तिने लिहिलंच नव्हतं. घरी पत्रक कुणी वाचलंच नव्हतं. सगळ्यांनी नियम ऐकले होते ते तिच्या तोंडून.

पहिलं राज्य पॅकिंगमधल्या टकल्या काकांकडे गेलं. समोरच्या मुलीने सांगितलं, "काका, मला चौथ्यावर सोडा."

"का म्हणून? लिफ्टवर माझं राज्य आहे. आधी माझं कपाट जाईल."

चुकलं! पंचबाई खुर्चीवरून अर्धी उठली. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात ती दांडगट बाई पुढे वाकली. "काका, मला वर न्या, खाली आले की तुमचा पलंग मी चढवते."

"आणि नाही चढवलात तर?"

"तर पुढच्या वेळी मला लटकवा!"

पंचबाई हळूच खाली बसली. चौघंही टेबलावर ओणवे झाले होते. सौदे चालले होते, शब्द मोडले जात होते, तळमजल्यावर आधी पोचायला झुंबड उडत होती. घरी सगळे राज्य चुकवत फिरायचे. इथे त्याच्यासाठी मारामारी. डावाचा मध्य आला. ती श्वास रोखून बघत राहिली. पाण्याची बाटली टेबलाच्या कडेला होती. तिला कुणी हातसुद्धा लावला नाही.

इतके खेळ मोडून पाहिल्यावर एवढं तिला नक्की ओळखता येत होतं: एक नियम निघून गेला होता, आणि इमारत कोसळण्याऐवजी ताठ उभी राहिली होती.

डाव संपला. दांडगट बाई हरली आणि काकांना "लबाड" म्हणून पुन्हा फासे हातात घेऊन बसली. मालकीणबाई पंचबाईकडे वळल्या. "चांगला आहे. हा असाच खेळायचा ना?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"नाही," पंचबाई म्हणाली. "हे चुकीचं खेळले. माझा खेळ वेगळा होता."

काकांनी हातातलं कपाट खाली ठेवलं.

"पण यांचा बरोबर आहे. माझा मध्ये झोपायचा, यांचा झोपत नाही. का, तेही सांगू शकते. फक्त एक भोक राहतंय: दोघांनी संगनमत केलं तर तिसऱ्याला ते कायमचं खाली अडकवून ठेवतील. त्याला एक नियम लागेल, एकच. तो मी घालते."

"आणि यांनी चुकायला सुरुवात केली, तेव्हा बोलला का नाहीत? अट होती म्हणून?"

"पहिल्या चुकीला अटीमुळे," पंचबाई म्हणाली. "नंतर खेळ बघण्यात बोलायचं राहूनच गेलं."

मालकीणबाईंनी पत्रक उलटं करून कोरी बाजू तिच्यापुढे सरकवली. "लिहा नव्याने. आणि खाली स्वतःचं नाव घाला, डब्यावर छापावं लागेल."