बाईंची शाळा कुठली?

२०१६ साली मी तलासरीच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. शिक्षकखोलीत मला 'होयबा' म्हणत, तेही तोंडावर. हेडमास्तरांचं वाक्य संपायच्या आत माझं 'हो सर' तयार असे. वाणगावहून रोजचं येणं-जाणं, घरी सासूबाईंचं आजारपण, त्यात भांडायला त्राण कुठून आणायचं, असं मी स्वतःला समजावत असे. खरं सांगायचं तर मी भित्री होते.

त्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, 'दोन थोर व्यक्तींची तुलना'. नववीतली एक वारली मुलगी आपणहून नाव द्यायला आली. वहीत तिने परीक्षेतल्या 'फरक स्पष्ट करा'सारखे दोन रकाने आखले होते. डावीकडे पुण्यात मुलींची शाळा काढणारी ती पहिली शिक्षिका. उजवीकडे नुसतंच 'बाई'. म्हणजे शहरातून येऊन आमच्या भागातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करणारी, कायदा शिकलेली ती स्त्री. इथली जुनी माणसं तिचं नाव घेत नाहीत, 'बाई' म्हटलं की पुरे. डाव्या रकान्यात 'शेणाचे गोळे', उजव्यात 'पोलिसांच्या बंदुकीच्या गोळ्या'. मी मनात शाबासकी दिली. पण खाली 'साम्य' म्हणून लिहिलं होतं : दोघी शिक्षिका.

मी लाल पेनाने फुली मारली. "अगं, यांनी कुठे शाळा काढली? तुझे आजोबा 'बाई' म्हणाले आणि तू शिक्षिका समजलीस."

आम्हा शिक्षिकांनाही मुलं बाईच म्हणत, त्यामुळे चूक कशी झाली ते मी पटकन ओळखलं आणि स्वतःवरच खूश झाले.

तिने खोडायला नकार दिला. "आजा बोलला, बाईंनी शिकवलं. आजा खोटं नाय बोलत."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर पाड्यावर गेले. आजोबांच्याच तोंडून तिची चूक सुधारून घ्यायची, हा माझा बेत. म्हातारा अंगणात टोपली विणत बसला होता.

"आजोबा, बाईंची शाळा कुठली?" मी विचारलं.

"झाडाखालची."

"आणि काय शिकवायच्या?"

"नाय बोलायला," तो हात न थांबवता म्हणाला. "जमीनदार चल बोलला का आमी चाललो. पोरं उपाशी, तरी हो. बाई बोलली, एकदा नाय बोलून बघा. मी बारका होतो, बापाचे बाजूला बसलेलो. बापाचे तोंडातून शब्दच निघं ना. पयल्यांदा पुटपुटला. दुसऱ्यांदा माझेकडं बघून बोलला. तिसऱ्यांदा मोठ्यानं."

मग त्याने मान वर केली. "तू पन बाईच ना? तू काय शिकवतं?"

"व्याकरण."

तो पोट धरून हसला. नातही हसली. मला मात्र ते चांगलंच झोंबलं. घरी पोहोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होते.

सोमवारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. वही त्यांच्यापुढे होती. "ही उजवी बाजू काढा. उद्या कोणी काही बोललं तर नसती कटकट. हे घ्या, दोन राजांवरचं तयार भाषण. तिच्याकडून पाठ करून घ्या. ऐकत नसेल तर दुसरी मुलगी पाठवू."

ती दारातच उभी होती. हेडमास्तरांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. माझं 'हो सर' सवयीने ओठांपर्यंत आलं. ते मी गिळलं.

"नाही सर," मी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

दुसऱ्यांदा मी तिच्याकडे बघून म्हणाले. तिसऱ्यांदा मोठ्याने.

मुलगी दोन्ही बाईंना घेऊन स्पर्धेला गेली.